आयेल्ट्स स्पीकिंग: सायकलचा प्रश्न आला की निबंध नको

भावा, आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेत स्पीकिंगला, म्हणजे बोलण्याच्या भागात, साडेपाच गुणांवर अडकलोय, साडेसहा हवेत, असं तू लिहिलंयस. 'लहानपणी सायकल होती का?' याचं तुझं उत्तर वाचलं: 'बायसिकल इज इको-फ्रेंडली. इट इज गुड फॉर हेल्थ. इट सेव्ह्ज पेट्रोल.' इंग्रजी बरोबर आहे. पण प्रश्न तुझ्या सायकलचा होता आणि तू सायकलीचे फायदे सांगून मोकळा झालास. पाठ केलेलं परीक्षकाला लगेच कळतं.

अरे, कोल्हापूरच्या पोरांकडे सायकलवर सांगायला किती काय असतं! पाय पुरत नाहीत म्हणून मारलेली कैची, रंकाळ्याची चक्कर, पन्हाळ्याच्या चढाला खाली उतरून ढकललेली सायकल. त्यातलं एकच उचल. समजा कैची घेतलीस:

'येस, बट इट वॉज माय अंकल्स, सो इट वॉज फार टू बिग फॉर मी. आय कुडन्ट रीच द सॅडल, सो आय यूज्ड टू पुट वन लेग थ्रू द फ्रेम अँड पेडल लाइक दॅट.'

पार्ट वनला, म्हणजे सुरुवातीच्या स्वतःबद्दलच्या छोट्या प्रश्नांना, एवढं पुरे. यात कारण आलं, भूतकाळातली सवय आली, सॅडल आणि फ्रेम हे नेमके शब्द आपसूक आले. ओघ, शब्दसंपत्ती, व्याकरण आणि उच्चार या चारही गोष्टींना सारखंच वजन असतं. तुझं मत पटलं का, याला गुण नाहीत. 'मला सायकल आवडत नाही' म्हणालास तरी चालेल, फक्त का ते सांग. मध्येच थांबवलं तर घाबरू नकोस, वेळ पाळायला परीक्षक तसं करतात.

तुझी खरी गळती क्रियापदाच्या काळात आहे. 'व्हेन आय वॉज इन स्कूल, आय गो बाय सायकल' असं लिहिलंयस. तिथं 'आय वेंट' किंवा 'आय यूज्ड टू गो' हवं. सायकलचे प्रश्न लहानपणावरून आजवर येतात आणि परत मागे जातात, म्हणून प्रश्नातलं क्रियापद कान देऊन ऐक. आणखी एक, आपल्याकडे बाइक म्हटलं की मोटरसायकल. परीक्षेत सायकलचा विषय चालू असेल तर बाइक म्हणजे सायकलच, गाडीच्या मायलेजवर घसरू नकोस. नुसतं रंकाळा म्हणून पुढं जाऊ नकोस, 'रंकाळा, द लेक नियर माय हाउस' म्हण.

तुझे पेट्रोल आणि पर्यावरण पार्ट थ्रीला, म्हणजे शेवटच्या सर्वसाधारण चर्चेला, कामी येतील. 'मोठी माणसं सायकल का चालवत नाहीत?' असं विचारलं तर महाद्वार रोडच्या गर्दीपासून सुरुवात कर, मग बाकीच्या शहरांवर जा.

सरावाला कागद घेऊ नकोस. मोबाइलवर रेकॉर्ड कर, ऐक, आणि दुसऱ्या दिवशी त्याच प्रश्नाला वेगळी आठवण सांग. पुढचं उत्तर इथं टाक, मी बघतो.