आजी नळी का ओढतात?

प्रिय मुली,

तुझा मेसेज रात्री अडीचला आला, म्हणजे ड्यूटीवरूनच लिहिलास. आजी रायल्स ट्यूब, म्हणजे नाकातून पोटात जाणारी अन्नाची नळी, ओढतात, सुपरवायझर म्हणतात गॉझने हात कॉटला बांध, घरच्यांची सही आहे; मॅडम, हे चूक का? चूक आहे हे तुला ठाऊक आहे, नाहीतर त्या वेळी विचारलं नसतंस.

आजी नळी का ओढतात, हे कुणी बघितलं? नाकात खुपतं, चिकटपट्टीखालची कातडी सोललेली असते, तोंडाला कोरड पडते. ओढणारच. माणूस धडपडतो त्याला कारण असतं: लघवी लागलेली, पोट साफ नाही, डायपर ओला, सांधा ठणकतोय, नाहीतर अंधारात आपण कुठे आहोत तेच कळत नाही. आधी कारण शोध.

‘बांधलं नाही तर पडतील’ हे तर मला सांगूच नकोस. बांधलेला माणूस सुटायला झटतो, रेलिंगवर चढतो आणि जास्त उंचीवरून पडतो. पडून राहिला की पायातलं बळ जातं, माकडहाडाशी बेडसोअर होतो. कॉट खाली घे, शेजारी गादी टाक, रात्री ठरल्या वेळी संडासला ने.

माझ्याकडचे एक आजोबा पहाटे लघवीला उठले आणि खुबा मोडला. मुलगा सगळ्यांदेखत ओरडला, ‘बांधायला काय झालं होतं?’ ट्रस्टींनी बोलावून घेतलं. पुढे ती नोकरी मी सोडली. हेकट म्हणतात मला अजून. असेन हेकट. पण रात्री त्यांना उठवून नेणारा माणूस मी लेखी मागितला होता, तो दिला नव्हता. आजही मी बांधणार नाही. का उठले ते बघा, एवढंच तेव्हा म्हणत होते, आजही तेच म्हणते.

कायदा हवा असेल तर २०१७ चा मेंटल हेल्थकेअर ॲक्ट, कलम ९७ वाच. बांधायचं ते तत्काळ इजा टाळायला दुसरा उपायच नसेल तर, मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने, नोंद करून. आणि माणसं कमी आहेत म्हणून तर नाहीच. ‘तो कायदा मनोरुग्णालयांना’ म्हणतील. मग तिथल्या रुग्णाला जे हक्काने मिळतं ते आपल्या आजींना का नाही, विचार. २००१ च्या ऑगस्टमध्ये तामिळनाडूत एरवाडीला मनोरुग्णांना ठेवायच्या जागेत आग लागली, साखळीने बांधलेले २८ जण गेले. ‘साखळी वेगळी, गॉझ वेगळं’ असं मला ऐकवलंय लोकांनी. रात्री आग लागली तर गाठी सोडणार कोण, दोन मावश्या?

‘मग गोळी देऊ’ म्हणाले तरी भुलू नकोस. डिमेन्शियातल्या, म्हणजे स्मृतिभ्रंश झालेल्या, वृद्धांना अँटिसायकोटिक (मनोविकारावरच्या) गोळ्यांनी मृत्यूचा धोका वाढतो, हा अमेरिकेच्या औषध नियामक एफडीएचा इशारा २००५ चा आहे.

उद्या डॉक्टरांना एकच विचार: नळी लागतेच का? डिमेन्शिया फार पुढे गेला असेल तर नळीपेक्षा हाताने सावकाश भरवा, असं वृद्धांवर उपचार करणाऱ्यांच्या अमेरिकन जेरियाट्रिक्स सोसायटीने २०१४ मध्ये सांगितलंय. एकेका जेवणाला अर्धा तास जाईल. तेवढा वेळ कुणाला आहे, म्हणतील. बरं. भरवायला माणूस नाही म्हणून नळी, आणि नळी आहे म्हणून हात बांधले, असं त्या सहीच्या कागदावर लिहिलंय का ते बघ आणि मला कळव.

तुझी,
सिस्टर