घरी बांधलेल्या विमानाच्या थ्रॉटल आणि मिक्स्चरच्या केबल जड चालतात. तेल सोडावं की केबल बदलाव्यात?

तेलाच्या बाटलीला इतक्यात हात लावू नका. तुम्ही लिहिलंय की थ्रॉटल (इंजिनची ताकद कमी-जास्त करणारा नॉब) बसवल्यापासूनच जड आहे आणि मिक्स्चर (हवेत इंधन किती मिसळायचं ते ठरवणारा नॉब) मात्र गेल्या काही महिन्यांत जड होत गेलं. हा फरक फार महत्त्वाचा आहे. बसवल्यापासून जड असलेल्या केबलचा दोष बहुतेक वेळा तिच्या वाटेत असतो. हळूहळू जड होत गेली असेल, तर तिला आतून काहीतरी झालंय.

मॅग्नेटो (इंजिनात ठिणगी पाडणारी यंत्रणा) बंद, किल्ली खिशात, आणि तरीही प्रोपेलरच्या फेऱ्याबाहेर उभे राहून काम करा. थ्रॉटलची केबल कार्ब्युरेटरच्या आर्मवरून (केबल ज्याला ओढते त्या छोट्या दांड्यावरून) सोडवा आणि आर्म बोटाने फिरवून बघा. तोच अडखळत असेल तर दोष बहुधा केबलचा नाही, कार्ब्युरेटरची शाफ्ट बघावी लागेल. आर्म मोकळा असेल तर कॉकपिटमधला नॉब आत-बाहेर करा. फ्रिक्शन लॉक (नॉब जागेवर धरून ठेवणारा आवळ) असेल तर तो आधी पूर्ण सैल करा. मग फायरवॉलपासून (इंजिन आणि कॉकपिटमधल्या भिंतीपासून) इंजिनकडे जात एकेक क्लॅम्प सैल करा आणि प्रत्येक वेळी नॉब हलवून बघा. ज्या क्लॅम्पनंतर केबल एकदम सुटल्यासारखी चालते, तिथेच दुखणं आहे. खूप आवळलेला क्लॅम्प केबलचं आवरण चेपतो, आणि ते वरून पाहून कळतही नाही.

क्लॅम्प सैल करूनही जडपणा तसाच राहिला तर वळणं मोजा. किमान त्रिज्या पाळली म्हणजे झालं, असं अनेकांना वाटतं. पण घर्षण एकूण किती अंश वळलो यावर वाढत जातं, आणि ते बेरजेने नाही, गुणाकाराने वाढतं. इकडे ९०, तिकडे ९०, पुढे परत ४५ अशी वाट असेल तर उत्तम केबलसुद्धा जड चालेल. अशा वेळी फायरवॉलमधलं भोक दुसरीकडे घ्यायला लागलं तरी घ्या. काम कंटाळवाणं आहे, पण खरा इलाज तोच. फक्त फायरवॉल आणि इंजिन यांच्यामध्ये थोडी ढील ठेवा. इंजिन रबरी माउंटवर हलतं. केबल ताठ असेल तर तो हिसका थेट थ्रॉटलला बसतो.

शेवटचा क्लॅम्पही नीट बघा. आर्म अर्ध्या प्रवासात असताना केबलच्या टोकाची दांडी सरळ रेषेत यायला हवी. या दांडीला दोन्ही बाजूंना थोडेच अंश झुकता येतं. त्यापलीकडे ओढली की ती तोंडाशी घासते आणि तिथे एका बाजूला चकचकीत पट्टा पडतो. टॉर्च मारून बघितलं की लगेच दिसतो.

आता मिक्स्चर. पहिला संशय उष्णतेवर घ्या. एक्झॉस्टजवळून जाणाऱ्या भागावर बोट फिरवा: आवरण कडक झालंय का, फुगलंय का, रंग बदललाय का. दुसरं कारण बरेचदा कोणाच्या लक्षातच येत नाही. रबरी माउंटमुळे इंजिन सांगाड्यापासून विजेच्या दृष्टीने तुटलेलं असतं आणि स्टार्टरचा सगळा करंट परत जातो तो अर्थिंगच्या पट्टीतून. ती पट्टी सैल झाली किंवा गंजली, की तो करंट मिळेल त्या वाटेने जातो, आणि ती वाट म्हणजे इंजिनच्या केबल. तार तापते, आतलं अस्तर वितळतं. स्टार्टर मंद फिरत असेल तर हे नक्की तपासा. चाकांना अडसर लावा, मॅग्नेटो बंद आणि मिक्स्चर पूर्ण ओढलेलं (म्हणजे इंधन बंद) ठेवा. मल्टिमीटरच्या तारा इंजिनच्या केसपासून आणि बॅटरीच्या निगेटिव्हपासून लांब मागे आणा, कॉकपिटमधल्या माणसाला स्टार्टर मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर आधी पट्टी बदला, नाहीतर नवी केबलही तशीच जळेल.

तेलाचं म्हणाल तर, साधी एकेरी तार असलेली कार्ब हीटची (कार्ब्युरेटरला गरम हवा देणारी) केबल बाहेर काढून पुसता येते, हलकं ग्रीस लावता येतं. अस्तर असलेली, टोकं दाबून बंद केलेली केबल मात्र उघडायची नसते. तिच्यात गंज सोडवणारा स्प्रे मारलात तर मूळ ग्रीस धुऊन निघतं, दोन दिवस मऊ चालते आणि मग उरलेला चिकटा धूळ धरतो. माझ्या मते अशी केबल आतून जड झाली असेल तर ती बदलायचीच. आणि ती बदलेपर्यंत विमान जमिनीवरच असू द्या. फायनलवर, म्हणजे उतरण्याच्या शेवटच्या टप्प्यात, थ्रॉटल अडकला तर दुरुस्तीला वेळ नसतो.

नवी केबल बसवताना आर्मच्या बोल्टवर रॉड एंडच्या (केबलच्या टोकाच्या बेअरिंगवाल्या कडीच्या) बाहेर मोठा वॉशर घाला, म्हणजे बेअरिंग निसटलं तरी आर्म सुटणार नाही. कॅसल नट (खाचांचा नट) आणि तो फिरू न देणारी कॉटर पिन वापरा. आर्म कार्ब्युरेटरच्या स्टॉपला टेकल्यावरही नॉबला थोडी जागा उरली पाहिजे. हे थंड इंजिनवर एकदा बघा, आणि काउलिंग (इंजिनवरचं झाकण) लावून इंजिन चांगलं तापवून बंद केल्यावर लगेच पुन्हा बघा.