पट्टे समुद्रतळाचे की जहाजाचे?

तुमचा प्रश्न मला असा समजला: कोकण किनाऱ्यासमोर ६० मीटरच्या जहाजामागे १२० मीटर केबलवर मॅग्नेटोमीटर (चुंबकीय क्षेत्र मोजणारं यंत्र) ओढला, मोजणीच्या लाइनी, म्हणजे जहाजाच्या समांतर फेऱ्या, उत्तर-दक्षिण घेतल्या. आता नकाशात एका लाइनीवर वाचनं जास्त, शेजारच्या लाइनीवर कमी, असे लाइनींना समांतर पट्टे दिसताहेत. प्रत्येक लाइनीची सरासरी वजा करून टाकली तर चालेल का?

एवढ्यात नको. त्यात खरा भूगर्भही पुसला जाईल, विशेषतः लाइनींना समांतर जाणारी रचना असेल तर. आधी दोष कुणाचा ते ठरवा.

पहिला संशय जहाजावरच घ्या. पोलादी जहाजाचं चुंबकत्व दोन प्रकारचं असतं. एक कायमचं: बांधणीच्या वेळी ठोकाठोकीत आणि वेल्डिंगमध्ये मुरलेलं, जहाजाबरोबर वळणारं. दुसरं प्रेरित: पृथ्वीच्या क्षेत्रामुळे त्या-त्या क्षणी उभं राहणारं. आपल्याकडे क्षेत्र बरंचसं आडवं, अलिबागला क्षितिजाशी साधारण २६ अंश, त्यामुळे हिशेब सोपा होतो. जहाज उत्तरेला जावो की दक्षिणेला, प्रेरित भाग मागच्या सेन्सरवर दोन्ही वेळा वाचन वाढवतो. कायमच्या भागाचं चिन्ह मात्र तोंड फिरलं की उलटतं. म्हणजे तुमच्या जाण्या-येण्याच्या लाइनींतली तफावत बहुतांशी कायमच्या चुंबकत्वाची. पूर्व-पश्चिम टाय लाइन (बाकीच्या लाइनींना आडवी छेदणारी) घेतली असेल, तर तिथे प्रेरित भाग वाचन उलट कमी करतो. छेदबिंदूंवरचे फरक दिशेनुसार वेगळे लिहून काढा, चित्र लगेच स्पष्ट होईल.

केबल आखूडच पडली, हे स्पष्ट सांगतो. जहाजाचा प्रभाव साधारण अंतराच्या घनाने घटतो. समजा १०० मीटरवर तो ४० नॅनोटेस्ला (चुंबकीय क्षेत्राचं एकक) आहे, तर २०० वर ५ आणि ३०० वर दीडच्या आसपास. पृथ्वीचं एकूण क्षेत्र ४३ हजार नॅनोटेस्लाच्या घरात, म्हणून ५-१० म्हणजे किरकोळ वाटतात. पण तुम्ही शोधताय ती विसंगतीच (खालच्या खडकांमुळे क्षेत्रात पडणारा फरक) तेवढी असेल तर? जहाजाच्या लांबीच्या तिप्पट केबल हा जुना ठोकताळा उगाच नाही. मासेमारीच्या जाळ्यांत अडकेल म्हणून सगळेच केबल आखडती घेतात, ते कळतं. पण मग दिशेची दुरुस्ती करावीच लागते. त्यासाठी शांत चुंबकीय जागा बघून एकाच बिंदूवरून आठ दिशांनी जहाज न्यायचं आणि वाचनांतला फरक मांडायचा. ही दुरुस्ती मागच्या वर्षीची वापरू नका. ड्रायडॉकमध्ये पत्रे बदलले, वेल्डिंग झालं, की कायमचं चुंबकत्वही बदलतं.

एकेकाळी लोकांनी या कटकटीवर जहाजच बदललं होतं. १९०९ साली अमेरिकेत बांधलेलं ‘कार्नेगी’ लाकडी होतं, नांगरसुद्धा ब्राँझचे. वीस वर्षं महासागरांवर चुंबकीय मोजणी करून ते १९२९ मध्ये सामोआतल्या आपिया बंदरात स्फोटात जळालं. पुढे ओढायचे मॅग्नेटोमीटर आले आणि साध्या पोलादी जहाजांवरही काम भागू लागलं. १९६२ मध्ये ‘ओवेन’ या ब्रिटिश जहाजाने आपल्याच अरबी समुद्राच्या टोकाला, कार्ल्सबर्ग कटकावर (समुद्रतळावरची डोंगररांग) घेतलेली वाचनं व्हाइन आणि मॅथ्यूज या भूशास्त्रज्ञांच्या १९६३च्या मांडणीत वापरली गेली: समुद्रतळ पसरत जातो आणि त्याच्या खडकांत चुंबकीय पट्टे उमटतात, ही ती मांडणी. तिथले पट्टे मात्र खरे होते.

दोन गोष्टी आणखी तपासा. लाइनींच्या वेळा बघा: एक सकाळची, दुसरी भर दुपारची असेल तर पृथ्वीच्या क्षेत्रात दिवसभरात होणाऱ्या दैनंदिन बदलामुळेही हुबेहूब असेच पट्टे उमटतात. अलिबाग वेधशाळेची मिनिटागणिक वाचनं घेऊन ती वजा करा. (ही वेधशाळा मुंबईच्या विजेच्या ट्रामपासून दूर जावं म्हणून १९०४ मध्ये कुलाब्याहून अलिबागला हलवली, हे जाता जाता.) दुसरं लेबॅक, म्हणजे जीपीएस आणि सेन्सर यांच्यातलं अंतर. जीपीएस जहाजावर, सेन्सर १२० मीटर मागे. ते अंतर धरलं नाही तर एकच विसंगती एका लाइनीवर उत्तरेला, शेजारच्या लाइनीवर दक्षिणेला सरकते आणि नकाशात नागमोडी कडा येते. तुमच्या नकाशात कडा नागमोडी आहेत की नुसता रंगच आलटून-पालटून बदलतोय? नागमोडी असतील तर आधी लेबॅक, नसतील तर वेळेची दुरुस्ती, मग दिशेची. सरासरीला हात सगळ्यात शेवटी, आणि तोही छेदबिंदूंवर बेतून.