पाणंदीत मोकळं कुत्रं आणि दावणीची गाभण म्हैस

पन्हाळ्याच्या वाटेवरच्या गावांतून एकाच धर्तीचे तीन प्रश्न आलेत. रविवारी कोल्हापुरातली मंडळी मसाई पठाराकडं फिरायला जातात, सोबत पाळलेली कुत्री असतात. उत्तरं शेतकऱ्यांना देतोय, पण यातलं निम्मं कुत्रेवाल्यांच्या कानावर जायला हवं. त्यांना वाचून दाखवा.

प्रश्न १ : मोकळ्या सोडलेल्या कुत्र्यानं आमच्या दोन म्हशी बांधावरून पळवल्या. चावलं नाही. एक आठ महिन्यांची गाभण आहे. दुसरी दुभती, तिनं दोन वेळा धार दिली नाही. मालक म्हणतात, ‘खेळतंय ते. पाडव्याला तुम्हीच म्हशी पळवता की!’

पाडव्याचा दाखला इथं लागू होत नाही. दिवाळीत शिंगं रंगवून मोटरसायकलमागं धावणारी म्हैस सराव केलेली असते आणि स्वतःच्या मालकाच्या हाकेवर धावते. तुमची म्हैस जिवाच्या भीतीनं पळाली. भ्यालेल्या जनावराच्या अंगात अॅड्रेनॅलिन वाढतं आणि पान्हा सोडवणाऱ्या ऑक्सिटोसिनचं काम अडतं. कासेत दूध असतं, सडात उतरत नाही. म्हशीनं पान्हा चोरला असं आपण म्हणतो, पण त्यात तिची लबाडी नसते. नेहमीच्या जागी, नेहमीच्या माणसानं, आधी रेडकू लावून शांतपणे धार काढा. पान्ह्याचं इंजेक्शन स्वतःच्या मनानं टोचू नका. कास गरम किंवा कडक लागली, दुधात गाठी दिसल्या तर त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवा.

गाभण म्हशीवर आठवडाभर नजर ठेवा. मागून स्राव, सारखी ऊठबस, शेपटी वर धरणं, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघू नका. १९६२ वर फोन लावा, फिरतं पशुवैद्यकीय पथक त्याच नंबरवर मिळतं.

आता कुत्रेवाल्यांसाठी. दोरी जनावर दिसल्यावर शोधायची नसते, पाणंदीत (शेतांमधल्या अरुंद वाटेत) शिरतानाच हातात आखूड धरायची. संध्याकाळी म्हशी धारेला घरी परततात तेव्हा अरुंद पाणंदीत समोरासमोर गाठ पडतेच. अशा वेळी कडेला थांबा, कुत्रं बांधाच्या बाजूला बसवा, कळप जाऊ द्या. रेडकू आणि त्याची आई यांच्या मधून कधीही जाऊ नका. आणि एक गोष्ट उलटी वाटेल : म्हैस किंवा गाय अंगावर आलीच, तर दोरी सोडून द्या. तिचा राग कुत्र्यावर असतो. कुत्रं पळून वाचतं, त्याला उचलून छातीशी धरणारा माणूस शिंगावर जातो.

विष्ठेचा मुद्दा कुणी विचारलेला नाही, पण मला तोच मोठा वाटतो. कुत्रं वैरणीच्या कडेला बसून उठतं आणि मालक पुढं चालू लागतो. कुत्र्याच्या विष्ठेतून निओस्पोरा नावाचा परजीवी वैरणीत, पाण्यात जातो आणि गाय गाभडते, बहुतेकदा पाचव्या-सहाव्या महिन्यात. म्हशींनाही त्याची लागण होते. कुत्र्याला तो मिळतो कुठं? गाभडलेल्या जनावराची उकिरड्यावर टाकलेली वार (गर्भाबरोबर पडणारा जार) खाऊन. म्हणजे दोष दोन्हीकडं आहे. त्यांनी विष्ठा पिशवीत उचलावी, तुम्ही वार खोल पुरावी. गाभडण्याला ब्रुसेला जंतूसारखी दुसरी कारणंही असतात, त्यामुळं रक्त तपासल्याशिवाय एकाच कुत्र्यावर खापर फोडू नका.

प्रश्न २ : रानात बकरी बसवली होती. रात्री कुत्रं वाघरीत घुसलं. दोन बकरी मेली, पण अंगावर चाव्याची खूण नाही.

(शहरी वाचकांसाठी : आमच्याकडं धनगर मेंढरांना बकरी म्हणतात. ती खतासाठी रात्री शेतात बसवतात, भोवती लावलेलं जाळं म्हणजे वाघर.) बिथरलेली बकरी एका कोपऱ्यात एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरून मरतात. त्याला दात लागायची गरज नसते. उरलेल्यांची लोकर बोटांनी दुभंगून मान, मांड्या, पोट तपासा. दाताचं भोक लोकरीखाली दिसत नाही आणि चार दिवसांनी त्यात अळ्या पडलेल्या सापडतात.

बकरं गरगर फिरत असेल, मान एका बाजूला धरत असेल, तर त्याच्या मेंदूत पाण्याचा फोड असू शकतो. हा कुत्र्याच्या पट्टकृमीचा प्रताप. असं डोकं किंवा फोड असलेलं काळीज, फुप्फुस कुत्र्याला घालू नका, राखणीच्या कुत्र्यालाही नाही. त्याला दर तीन महिन्यांनी डॉक्टरांकडून जंताचं औषध द्या, त्यात प्राझिक्वान्टेल (पट्टकृमी मारणारं औषध) आहे ना ते विचारून घ्या.

प्रश्न ३ : कुत्रं म्हशीला चावलं तर? आणि सारखंच येत असेल तर भाकरीतून औषध घातलं तर चालेल का?

चावलं तर जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा, हातात मोजे घालून. चटणी, चुना काही भरू नका. लगेच दवाखाना गाठा. रेबीजची लस चावल्यानंतरही देतात : ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी. कुत्र्याच्या मालकाकडं लसीकरणाचं कार्ड मागा.

पुढं काही आठवड्यांनी जनावर लाळ गाळू लागलं, आवाज घोगरा झाला, गिळेना, तर घशात काही अडकलं असेल म्हणून तोंडात हात घालू नका. ही चूक अनुभवी माणसंही करतात. अशा म्हशीचं दूध कुणालाही देऊ नका. दूध कट्ट्यावर धारोष्ण पेला रिचवणारं आपलं शहर आहे, तेव्हा हे जरा मोठ्यानंच सांगतो.

विषाचं म्हणाल तर अजिबात नाही. जनावर मारणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. शिवाय ती भाकरी तुमचंच कुत्रं खाईल. उलट कुत्र्यापासून धोका होऊ नये याची काळजी न घेणारा मालक कलम २९१ खाली येतो : सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. फोटो काढा, डॉक्टरांचा दाखला घ्या, मग पोलीस ठाण्यात जा. दाखल्याशिवाय भरपाईचं बोलणं नुसतं भांडणच होतं.

त्याआधी पाणंदीच्या तोंडाला पाटी लावा : ‘पुढं गाभण जनावरं आहेत. कुत्रं दोरीत धरा.’ ऑइलपेंटनं लिहा. चुन्यानं लिहिलेली पहिल्या वळवात धुऊन जाते.