पणजी आणि मोले: दोन दिवसांत कसे बसवाल?

पहिला दिवस पणजीला, दुसरा मोलेच्या अभयारण्याला द्या. उलट केलंत तर दुसऱ्या दिवशी दमलेल्या पायांनी पणजीतल्या फोंतेन्हाश या जुन्या वस्तीच्या गल्ल्या चढाव्या लागतील. पणजी पायीच बघा: चर्चच्या पायऱ्या, फोंतेन्हाश, शेजारच्या मळा वस्तीची बाजू. दुपारी ऊन टाळा. संध्याकाळी मांडवीच्या काठाने फिरा आणि लवकर झोपा, कारण खरी कसोटी सकाळची आहे.

पणजीहून मोले साधारण साठ किलोमीटर. बसने जायचं तर फोंड्याला बदलावी लागते, त्यात वेळ जातो. दूधसागर धबधब्याच्या जीपा मोले नाक्यावरून नव्हे, जवळच्या कुळे गावाहून सुटतात. नवखे नेमके इथेच चुकतात. सकाळी लवकर पोचा. सुट्टीच्या दिवशी उशीर झाला तर रांगेतच दुपार होते. जीप एकट्याने घेतली तर महाग पडते, सहा-सात जण जमले तर परवडते. वाट ओढ्यांतून जाते, म्हणून फोन आणि पाकीट प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, चपला पट्ट्याच्या घाला. शेवटचा टप्पा दगडांतून चालतच जायचा असतो. माकडांसमोर खाऊ काढू नका, हातातून नेतात.

पावसाळ्यात या जीपा बंद असतात. मग तांबडी सुर्लाचं कदंबकालीन महादेव मंदिर बघा, तेही याच अभयारण्याच्या कुशीत आहे. जळवांसाठी मीठ जवळ असू द्या. वाघ दिसेल या आशेने मात्र येऊ नका. शेकरू दिसली तरी नशीब समजा.

परतीची शेवटची बस किती वाजता, हे उतरल्या उतरल्या कंडक्टरलाच विचारून ठेवा.