सुरंगीची सुकी कळी आणि नागकेशर एकच का?

तुमचा प्रश्न असा: म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून नागकेशर म्हणून आणलेल्या गोल, देठासकटच्या तांबूस कळ्या शेजारीण सुरंगीच्या म्हणते, तर त्या रक्ती मूळव्याधीवर चालतील का.

शेजारणीचं बरोबर आहे. व्यापारी त्यांना तांबडं नागकेशर म्हणतात. औषधातलं नागकेशर म्हणजे नागचाफ्याच्या फुलातले पिवळे केसर. आयुर्वेदिक फार्माकोपियात, म्हणजे औषधांच्या अधिकृत ग्रंथातही, तेच दिलंय. काळं नागकेशर हे आणखी तिसरंच, दालचिनीच्या जातीची कच्ची फळं. आणि हे सगळं एकाच नावानं विकलं जातं.

आता तुम्ही नेमकी सुरंगीच काढलीत म्हणून सांगतो. आमचं घर गोव्यात पेडण्याचं, मागच्या भाटात, म्हणजे बागेत, सुरंगीची जुनी झाडं आहेत. फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलं येतात ती थेट जुन्या फांद्यांना चिकटून, आणि मधमाश्यांच्या गराड्यात चढून ती हातानंच काढावी लागतात. वळेसरासाठी, म्हणजे गजऱ्यासाठी, उमलायच्या बेतातली कळी, वाळवायला घट्ट मिटलेली. आई ती अंगणात पसरते, काटक्या निवडते, आणि वर्षाला घरात चार पैसे येतात. आमच्याकडे तो काही जोडधंदा वगैरे म्हणवत नाही कोणी, पण मुलांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च त्यातून निघालेला आहे.

आमचे भावोजी वैद्य आहेत, रीतसर शिकलेले. एका चतुर्थीला माटोळीखाली (गणपतीवर टांगतात ती फळाफुलांची चौकट) जेवणाची पानं मांडलेली असताना त्यांनी सगळ्यांसमोर सुनावलं, "तुम्ही लोक सुरंगी वाळवून नागकेशरात भेसळ करता, त्यामुळे आमच्या औषधाला गुण येत नाही." आई जागच्या जागी म्हणाली, "भेसळ करून आमी बंगलो बांदूंक ना." पुढं जेवण गप्पच झालं. जावयासमोर बोलणार कोण!

मी बोललो. म्हटलं, भावोजी, तुमचं खरं नागकेशर दाखवा तरी. त्यांच्या बॅगेत पुडी होती, कोणासाठी तरी बांधलेली. ती वर्तमानपत्रावर ओतली तर केसर नव्हतेच, गोल कळ्या होत्या. मी दोन कळ्या कपात गरम पाण्यात टाकल्या आणि मऊ झाल्यावर सुईनं उघडल्या. बाहेरचं कवच दोन शकलांत फुटलं. नागचाफ्याच्या कळीचं कवच चार दलांचं असतं, हे त्यांनाच पुस्तकात शिकवलेलं. म्हणजे वैद्यबुवा आमच्यासारख्याच कुणाच्या तरी अंगणातली सुरंगी नागकेशराच्या भावानं घेऊन रोग्यांना देत होते! त्यावर उत्तर काय, तर "मला व्यापाऱ्यानं दिलं." बरं. मग भेसळ करणारे आम्ही कसे? आम्ही तर गोणीवर सुरंगी म्हणूनच देतो. नाव बदलतं ते पुढच्या गोदामात, आणि ते उघडून बघायची जबाबदारी औषध देणाऱ्याची आहे, झाडावर चढणाऱ्याची नाही.

एकाऐवजी दुसरं वापरणं आपल्याकडे नवीन नाही. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहिला, त्याचा ग्रंथ इथंच 1563 साली छापला. पारिजातकाच्या देठांनी जेवणाला केशरासारखा रंग देतात हे त्यानं तेव्हाच लिहून ठेवलंय. पण म्हणून प्राजक्ताचे देठ काश्मिरी केशर म्हणून विकावेत असं कुणी म्हणत नाही. सुरंगीही तुरट आहे, गावठी वखदांत, म्हणजे औषधांत, रक्त थांबवायला आणि पोटाला ती देत आलेत, वाळली तरी वास टिकतो, रेशमाला तांबडा रंग देते. तिच्या नावानं विका ना! लोक घेतील.

राहिलं तुमच्या मूळव्याधीचं. लोणी, खडीसाखर आणि नागकेशर हा जुना औषधी पाठ आहे, पण तो नागचाफ्याच्या केसरांचा. त्यात सुरंगी घातली तर तेवढाच गुण येईल असं मी म्हणणार नाही. खरं हवं असेल तर पूड घेऊच नका, पुडीत काय आहे ते कळायला मार्ग नसतो. पिवळट-तपकिरी तंतू दिसले तर घ्या, गोल कळी दिसली तर ती मसाल्याला ठेवा. आणि हो, हे आधीच लिहायला हवं होतं: शौचातून रक्त पडतंय ते मूळव्याधीचंच आहे हे कुणी तपासून सांगितलंय का? नसेल तर आधी डॉक्टरला दाखवा, चाळिशी उलटली असेल तर उद्याच. मात्रा मला विचारू नका, तपासणाऱ्याला विचारा. तो वैद्य असेल तर त्याची पुडीही उघडून बघा. भावोजी हल्ली आईकडूनच कळ्या नेतात, पण पावतीवर अजून नागकेशरच लिहितात. त्यावरून आमचं भांडण चालूच आहे.