टोकियोला येताय, तर जेवणाचं आधी बोलू

व्हिसा, रेसिडेन्स कार्ड, वॉर्ड ऑफिसातली नोंद हे सगळं सरकारी साइटवर आहे, ते सांगत बसत नाही. तुम्ही विचारलंय की डिसेंबरात रुजू होणार, घरात कडक शाकाहार, दारू घेत नाही, तर ऑफिसची इझाकायातली, म्हणजे दारू आणि खाणं मिळणाऱ्या जपानी हॉटेलातली पार्टी टाळली तर चालेल का. टाळू नका.

वर्षअखेरीच्या त्या पार्टीला बोनेनकाई म्हणतात. एरवी स्क्रीनवरून नजर न हटवणारे साहेब तिथे तुमच्या मुलांची चौकशी करतात. दारूचा आग्रह आमच्याकडे तरी कोणी करत नाही, गरम ऊलाँग चहा मागवा. शेजाऱ्याचा ग्लास रिकामा झाला की दोन्ही हातांनी बाटली धरून तो भरा, एवढं पुरतं.

खरी अडचण खाण्याची. बसल्या बसल्या न मागवता एक वाटी समोर येते, ओतोशी. तिचे साधारण तीन-चारशे येन बिलात लागतात आणि तिच्यात मासळी असू शकते. थंडीत ओदेन येतं, म्हणजे रश्श्यात शिजवलेले मुळा, अंडी वगैरे. मुळ्याची जाड चकती बघून हात पुढे जातो, पण रस्सा दाशीचा, म्हणजे बहुधा सुकवलेल्या बोनितो माशाचा. गरम तोफूवर त्याच माशाचे कागदासारखे पातळ काप टाकतात, ते वाफेने वळवळतात. पहिल्यांदा बघाल तेव्हा पोटात ढवळेल. मग उरतं काय, तर एदामामे म्हणजे सोयाबीनच्या उकडलेल्या हिरव्या शेंगा, मीठ लावून भाजलेले शिइताके मशरूम, सिमला मिरची, तळलेले बटाटे. पार्टी ठरवणाऱ्याला आठवडाभर आधी सांगून ठेवा. वर्गणी मात्र बहुतेकदा सगळ्यांना सारखीच.

एकटेपणाचं विचारलंत. घरात बसून मला तो कधी जाणवला नाही, त्या टेबलावरून उठल्यावर जाणवतो. नोमिहोदाई, म्हणजे ठरावीक पैशात हवं तेवढं प्यायची सोय, साधारण दोन तासांची, शेवटची ऑर्डर अर्धा तास आधी. वेळ संपली की सगळे रस्त्यावर येतात, वाकून निरोप घेतात आणि आपापल्या लाइनच्या स्टेशनकडे पांगतात. घटकाभरापूर्वी आपल्या आजारी वडिलांबद्दल डोळे भरून बोलणारा माणूस दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये फक्त मान झुकवतो. माया खोटी नव्हती, हे मला ठाऊक आहे. पण ती मैत्री होती का, हे इतकी वर्षं राहूनही मला सांगता येत नाही.

आणि हे तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो, कारण आतून अजून जळतं. मुलीला आम्ही जवळच्या जपानी शाळेत घातलं. जेवण शाळेचंच, दाशी सगळ्यात. डबा द्यायची परवानगी मिळाली, पण डबा दिसायला इतरांच्या जेवणासारखा असावा, मुलांना वेगळेपणा जाणवू नये, असं सांगण्यात आलं. मग महिन्याचा मेनू फ्रिजवर लावून बायको पहाटे उठून माशाच्या तुकड्याच्या आकाराचं पनीर तळायची. शिक्षिका प्रेमळ होत्या, त्यामुळे भांडताही आलं नाही. पोरीने एक दिवस डबा नको म्हणून सांगितलं. आता ती सगळं खाते. सांगलीला आजीला हे माहीत नाही, आणि सुट्टीत गेलो की आम्ही तिघंही तो विषय टाळतो.

टोकियोतल्या निशी-कासाईच्या बाजूला घर मिळालं तर बघा, तिथे आपली माणसं आहेत, भारतीय शाळाही त्या भागात आहे. जपानी शाळेत घालणार असाल तर डब्याचं प्रवेशाआधी, लेखी विचारून घ्या.